सलाईनच्या बाटलीवरचं नाव

मित्रांनो, हॉस्टेलवर चार वर्षं काढणाऱ्या माणसाला एकदा तरी सलाईन लागतंच. मेसचा रस्सा असो, गेटबाहेरची पाणीपुरी असो, नाहीतर सबमिशनच्या आठवड्यातली जागरणं असोत, शेवट एकच! दोघं जण काखेत हात घालून आपल्याला दवाखान्यात नेतात, सिस्टर शीर शोधतात, स्टँडला बाटली लटकते आणि आपण थेंब मोजत पडून राहतो.

गेल्या पावसाळ्यात रूममेटच्या उशाशी बसून अशीच एक रात्र काढली. मोबाईल डिस्चार्ज झालेला, त्यामुळे वाचायला फक्त बाटलीचं लेबल. तेच तीन-चार वेळा वाचलं. कंपाउंड सोडियम लॅक्टेट इंजेक्शन, आय.पी. आणि खाली रिंगर लॅक्टेट. दर १०० मिलिलिटरमध्ये सोडियम क्लोराइड ०.६ ग्रॅम, सोडियम लॅक्टेट ०.३२ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड ०.०४ ग्रॅम आणि सगळ्यात शेवटी कॅल्शियम क्लोराइड ०.०२७ ग्रॅम. शेवटचा आकडा वाचून हसूच आलं. प्रॅक्टिकलला असा आकडा आला असता तर आपण तो निग्लिजिबल म्हणून सोडून दिला असता. अर्ध्या लिटरच्या अख्ख्या बाटलीत मिळून जेमतेम १३५ मिलिग्रॅम!

पण मित्रांनो, या चिमूटभर कॅल्शियमची एक गोष्ट आहे. डॉक्टर सहज म्हणतात, आर.एल. लावा. त्यातला आर म्हणजे रिंगर, हे कोणाच्या लक्षातही येत नाही. रिंगर ही कंपनी नाही, केमिकल नाही. तो माणूस होता. त्याच्या हातून एक चूक झाली, ती त्याने सगळ्या जगासमोर कबूल केली आणि त्या कबुलीतून आपलं हृदय आणि मेंदू कशावर चालतात याचा पहिला धागा हाती लागला. त्या माणसाची ही ओळख.

सिडनी रिंगर यांचा जन्म १८३५च्या सुमारास इंग्लंडमधल्या नॉरिच गावचा. घराणं व्यापारी, धर्माने ख्रिस्ती पण सरकारी चर्चला न मानणारं. वडील लवकर गेले. तीन भाऊ तीन वाटांनी गेले. थोरले जॉन शांघायला जाऊन व्यापारात श्रीमंत झाले. धाकटे फ्रेडरिक जपानमधल्या नागासाकीला गेले आणि त्यांनी तिथे १८६८ साली होम, रिंगर अँड कंपनी काढली. नागासाकीत त्यांचा एवढा दबदबा होता की लोक त्यांना नागासाकीचा राजा म्हणत. जपानमध्ये आज नूडल्ससाठी प्रसिद्ध असलेली रिंगर हट नावाची हॉटेलांची साखळी आहे, तिला नाव या फ्रेडरिकवरून मिळालं. म्हणजे एका भावाचं नाव नूडल्सच्या पाटीवर आणि दुसऱ्याचं सलाईनच्या बाटलीवर. दोन्ही हॉस्टेलच्या पोरांना जवळचीच!

मधले सिडनी मात्र लांब कुठे गेले नाहीत. १८५४ साली ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये डॉक्टरकी शिकायला दाखल झाले. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजची दारं सरकारी चर्चबाहेरच्या मुलांना तोपर्यंत जवळपास बंदच होती. युनिव्हर्सिटी कॉलेज तसं नवं, १८२६ सालचं, आणि तिथे धर्म विचारत नसत. १८६० साली रिंगर पदवीधर झाले आणि पुढची चाळीस वर्षं त्याच कॉलेजच्या हॉस्पिटलात राहिले. १८६२ साली औषधशास्त्राचे प्राध्यापक, मग वैद्यकाचे, मग क्लिनिकल मेडिसिनचे. थेट १९०० साली रिटायर होईपर्यंत पत्ता बदलला नाही.

त्या काळात त्यांचं नाव झालं ते वेगळ्याच कारणाने. १८६९ साली त्यांनी औषधोपचारांवर एक हँडबुक लिहिलं. कोणत्या आजारात कोणतं औषध, किती आणि का, असं नीट मांडलेलं. हे पुस्तक इतकं चाललं की १८९७पर्यंत त्याच्या तेरा आवृत्त्या निघाल्या. आपल्याकडे एखाद्या सरांचं पुस्तक सीनियरकडून ज्युनियरकडे जातं, तसं ते डॉक्टरांच्या पिढ्यांमध्ये फिरलं. याच पुस्तकाच्या जोरावर आणि खासगी प्रॅक्टिसवर रिंगर यांना उरलेलं आयुष्य आरामात घालवता आलं असतं.

पण त्यांना एक खोड होती. वॉर्डातला राउंड आणि खासगी पेशंट यांच्या मधल्या वेळात ते कॉलेजच्या फिजिऑलॉजी विभागातल्या लॅबमध्ये जाऊन बसत. त्यासाठी त्यांना कोणी पगार देत नव्हतं, प्रमोशनला त्याचा उपयोग नव्हता. दिवसभर हृदयाचे पेशंट पाहणाऱ्या या माणसाला प्रश्न एकच पडला होता. हृदय धडधडत राहतं ते रक्तातल्या नेमक्या कशामुळे?

घरची बाजू सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. रिंगर यांची पत्नी अ‍ॅन ही यॉर्कशायरची. त्यांना दोन मुली झाल्या. त्यातली थोरली अ‍ॅनी लहानपणीच गेली. यॉर्कशायरच्या माळरानावर लास्टिंगहॅम नावाचं खेडं आहे, तिथे फार जुनं चर्च आहे. मुलीची आठवण म्हणून रिंगर यांनी त्या चर्चचा जीर्णोद्धार करून घेतला. जॉन लॉबरो पिअर्सन या नामांकित आर्किटेक्टने ते काम १८७९ साली केलं. एवढा मोठा डॉक्टर, औषधांचं पुस्तक लिहिलेला, पण स्वतःच्या मुलीला वाचवू शकला नाही. यानंतर तीन वर्षांनी त्यांचा तो प्रसिद्ध प्रयोग झाला. या दोन गोष्टींचा संबंध जोडण्याचा मला अधिकार नाही. पण वाचताना दोन्ही एकापाठोपाठ येतात खऱ्या.

आता प्रयोग. बेडकाचं हृदय शरीराबाहेर काढलं तरी काही वेळ धडधडत राहतं. रिंगर यांनी हृदयाचा खालचा कप्पा, म्हणजे व्हेंट्रिकल, नळीला जोडला आणि त्यातून मिठाचं पाणी फिरवलं. आकुंचन किती जोरात होतंय याची रेघ उमटवायची सोय केली. मग एकेक पदार्थ पाण्यात घालायचा आणि रेघ बघायची. आपल्या भाषेत, एका वेळी एकच व्हेरिएबल बदलायचं. १८८२ साली त्यांनी याचा पेपर जर्नल ऑफ फिजिऑलॉजीमध्ये छापला. त्यावरून असं दिसत होतं, की साधं मीठ आणि थोडं पोटॅशियम एवढ्यावर बेडकाचं हृदय तासन् तास मजेत चालतं. कॅल्शियमची काही गरज वाटत नव्हती. आणि वाटणार तरी कशी? कॅल्शियम म्हणजे हाडं आणि दात, अशीच तेव्हाची समजूत. भिंत बांधायच्या चुन्याचं हृदयाशी काय काम?

पेपर छापून झाला आणि मग घोळ लक्षात आला. मिठाचं पाणी डिस्टिल्ड वॉटरमध्ये बनवलंय असं रिंगर धरून चालले होते. प्रत्यक्षात ते नळाच्या पाण्यात बनलं होतं! याची हकीकत पुढे हेन्री डेल या शास्त्रज्ञांनी सांगून ठेवली. त्यांना ती खुद्द रिंगर यांच्या लॅबमधल्या फील्डर नावाच्या अटेंडंटकडून कळली. फील्डर तेव्हा पोरगेलाच होता. पाणी तापवा, वाफ थंड करा, थेंब थेंब गोळा करा, एवढा वेळ कशाला घालवायचा, डॉक्टरसाहेबांना काय कळणार आहे, असा विचार करून त्याने सरळ नळ सोडला. मित्रांनो, खरं सांगा, केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये कॅन रिकामा दिसल्यावर हे आपल्यातल्या किती जणांनी केलंय?

रिंगर यांनी खऱ्याखुऱ्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये मीठ घालून पुन्हा प्रयोग केला. हृदय हळूहळू मंदावलं आणि सुमारे वीस मिनिटांत थांबलं. पोटॅशियम घालूनही उठेना. मग कॅल्शियमचा किंचित अंश घातला आणि थांबलेलं हृदय पुन्हा धडधडायला लागलं!

आता त्यांच्यासमोर काय पर्याय होते बघा. पेपर छापून आला होता. त्यांच्या नावाला वजन होतं. नळाच्या पाण्याची भानगड लॅबच्या चार भिंतींबाहेर कोणाला माहीत नव्हती. गप्प बसता आलं असतं. नवा पेपर असा लिहिता आला असता की जणू कॅल्शियमचा शोध आधीपासून ठरवूनच घेतला. किंवा सगळा दोष अटेंडंटच्या डोक्यावर टाकता आला असता. रिंगर यांनी यातलं काहीच केलं नाही. १८८३ साली त्याच जर्नलमध्ये त्यांनी दुसरा पेपर लिहिला आणि सुरुवातीलाच साफ सांगून टाकलं, की आधीच्या प्रयोगातलं पाणी डिस्टिल्ड नव्हतं, न्यू रिव्हर वॉटर कंपनीच्या नळाचं होतं, त्यामुळे आधीचे निष्कर्ष तपासून घ्यावे लागतील. एवढ्यावर न थांबता त्या नळाच्या पाण्याचं रासायनिक पृथक्करणही दिलं. कॅल्शियम, दहा लाख भागांत ३८.३ भाग.

न्यू रिव्हर ही नदी नव्हे, कालवा आहे. १६१३ साली सुरू झालेला हा कालवा हर्टफर्डशायरच्या झऱ्यांचं पाणी लंडनला आणायचा. ते झरे खडूच्या दगडातून झिरपतात, म्हणून पाणी हार्ड. फर्स्ट इयरला ईडीटीएचं टायट्रेशन करून आपण हार्डनेस काढतो ना, तोच हिशेब लावा. ३८.३ पीपीएम कॅल्शियम म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच्या भाषेत साधारण ९६ पीपीएम. आता ते चाळीसने भागा. लिटरला जवळजवळ एक मिलिमोल आलं. आणि आपल्या रक्तात मोकळं फिरणारं कॅल्शियम असतं लिटरला सव्वा मिलिमोलच्या आसपास! म्हणजे लंडनच्या नळाला योगायोगाने जवळपास रक्ताइतकंच कॅल्शियम येत होतं. फील्डरच्या आळसाने बेडकाला बरोबर हवं तेच दिलं होतं. पाणी जास्त मऊ असलेल्या गावी हा प्रयोग झाला असता, तर ही चूक अशी कामाला आली नसती.

पुढची काही वर्षं रिंगर याच गोष्टीच्या मागे लागले. नुसतं कॅल्शियम वाढवलं तर हृदय आवळतं पण सैल व्हायला वेळ लावतं. त्याला आवर घालायला पोटॅशियम लागतं. पोटॅशियम जास्त झालं तर हृदय थांबतं. म्हणजे प्रश्न नुसता कोणता पदार्थ आहे एवढा नाही, प्रमाणाचा आहे. मासे डिस्टिल्ड वॉटरमध्ये मरतात, नळाच्या पाण्यात जगतात, हेही त्यांनी दाखवलं. या सगळ्यातून योग्य प्रमाणात सोडियम, पोटॅशियम आणि कॅल्शियम असलेलं जे पाणी तयार झालं, त्याला जगभर रिंगरचं द्रावण असं नाव पडलं. १८८५ साली ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले.

१९०० साली निवृत्त झाल्यावर ते लास्टिंगहॅमला राहायला गेले, लेकीच्या आठवणीत उभ्या केलेल्या त्या चर्चच्या गावी. तिथेच १४ ऑक्टोबर १९१० रोजी ते वारले आणि तिथेच त्यांना पुरलं. तेव्हा त्यांची ओळख हँडबुकवाले डॉक्टर अशीच जास्त होती. सलाईनच्या बाटलीवर त्यांचं नाव यायला अजून वीसेक वर्षं होती. १९३०च्या दशकात अलेक्सिस हार्टमन या अमेरिकन बालरोगतज्ज्ञांनी जुलाबाने रक्त आम्लधर्मी झालेल्या मुलांसाठी या द्रावणात सोडियम लॅक्टेट घातलं आणि आपलं आर.एल. तयार झालं. मुलांसाठी, हे लक्षात ठेवण्यासारखं.

माणसाची गोष्ट इथे संपते, पण त्याच्या कॅल्शियमची गोष्ट इथून सुरू होते. आणि गंमत म्हणजे ती पुन्हापुन्हा त्याच कॉलेजात परत येते.

१८९४ साली फ्रँक लॉक यांनी दाखवलं, की कॅल्शियम नसेल तर नर्व्हचा निरोप स्नायूपर्यंत पोहोचत नाही. म्हणजे कॅल्शियम हृदयापुरतं नव्हतं, नर्व्हलाही लागत होतं. का लागत होतं, हे कळायला सत्तर वर्षं गेली. १९६७ साली बर्नार्ड कॅट्झ आणि रिकार्डो मिलेडी यांनी त्याच युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये सिद्ध केलं, की नर्व्हच्या टोकाला विजेचा झटका पोहोचतो त्या क्षणी बाहेर कॅल्शियम हजर असावं लागतं. ते आत शिरतं, तेव्हाच टोकातलं रसायन बाहेर सुटतं आणि निरोप पुढे जातो. कॅट्झना १९७०चं नोबेल मिळालं. त्याच वर्षी, १९६७ साली, डॉज आणि रहामिमॉफ यांनी बेडकाच्याच स्नायूवर मोजून दाखवलं, की कमी कॅल्शियमच्या पट्ट्यात बाहेर सुटणारं रसायन कॅल्शियमच्या साधारण चौथ्या घाताने वाढतं. म्हणजे कॅल्शियम दुप्पट, तर रसायन सोळापट! इन्स्ट्रुमेंटेशनवाल्यांना याचा अर्थ लगेच कळेल. गेन एवढा मोठा असेल, तर इनपुटचा व्हॉल्व्ह फार काटेकोर हवा.

हा व्हॉल्व्ह म्हणजे कॅल्शियम चॅनेल. पेशीच्या पातळ आवरणात बसलेलं एक मोठं प्रोटीन, मधोमध भोक. पेशीच्या बाहेर कॅल्शियम आतल्यापेक्षा सुमारे दहा हजारपट जास्त असतं, त्यामुळे दार उघडलं की ते आत धाव घेतं. दार उघडतं व्होल्टेज बदलल्यावर, आपल्या रिलेसारखं. १९८०च्या दशकात स्नायूंमधून हे चॅनेल शुद्ध करून वेगळं काढण्यात आलं. त्यात सिअ‍ॅटलच्या विल्यम कॅटरॉल यांच्या लॅबचं काम मोठं. पण एक पेच होता. मोठ्या प्रोटीनबरोबर काही लहान तुकडेही दरवेळी निघत. आता ही भेसळ समजायची की यंत्राचाच भाग? ओळखीचा प्रश्न वाटतो ना? नळाच्या पाण्यातल्या कॅल्शियमबद्दल रिंगर यांच्यापुढे हाच प्रश्न होता. उत्तरही तेच निघालं. ती भेसळ नव्हती.

मुख्य प्रोटीनला अल्फा-१ म्हणतात. भोक त्याच्यातच असतं आणि व्होल्टेज ओळखणारे भागही त्याच्यातच. म्हणजे कागदावर पाहिलं तर सगळं काम एकट्याचं. पण नर्व्ह पेशीत त्याला एकट्याला सोडलं तर तो बिचारा नीट कामावरच पोहोचत नाही. त्याचे मुख्य सहायक दोन. पहिला बीटा. हा पेशीच्या आतल्या बाजूने अल्फा-१ला चिकटतो. नेमका कुठे चिकटतो, ती छोटी जागा १९९४ साली सापडली आणि २००४ साली तीन वेगवेगळ्या लॅबनी त्या जोडाची रचनाच उलगडून दाखवली. बीटाचं काम काय? एक, तयार झालेल्या चॅनेलला पेशीच्या पृष्ठभागापर्यंत जाऊ देणं. बीटा सोबत नसेल तर पेशी त्या चॅनेलला सदोष माल समजून बऱ्याच अंशी मोडीत काढते. दोन, दार थोड्या कमी व्होल्टेजलाच उघडेल अशी सेटिंग करणं. तीन, उघडलेलं दार किती लवकर आपोआप मिटेल ते ठरवणं. बीटाचे चार जीन आहेत आणि प्रत्येक प्रकार दार वेगळ्या वेगाने मिटवतो. एकच मोटर, चार वेगवेगळे कंट्रोलर, असं समजा.

दुसरा सहायक अल्फा-२-डेल्टा. हा बाहेरच्या बाजूला असतो. एकाच जीनवरून बनलेली साखळी पेशी मधोमध कापते आणि दोन्ही तुकडे सल्फरच्या बंधाने पुन्हा जोडलेले राहतात, म्हणून असं लांबलचक नाव. तो नर्व्हच्या टोकाशी जास्त चॅनेल पोहोचतील याची व्यवस्था पाहतो. हा पेशीच्या आवरणाला आरपार घुसलेला नसून एका चरबीयुक्त हुकने नुसता अडकवलेला असतो, हे २०१० साली दाखवलं अ‍ॅनेट डॉल्फिन यांच्या लॅबने. ही लॅब कुठली? युनिव्हर्सिटी कॉलेज, लंडन!

सहायक गेला तर काय होतं? प्रयोगशाळेतल्या उंदरांची एक जुनी जात आहे, तिचं नावच लेथार्जिक. चालताना झोक जातो, झटके येतात, सुस्त पडून राहतात. १९९७ साली कळलं, की त्यांच्यात मुख्य चॅनेल ठीक आहे, बिघाड आहे तो बीटाच्या चौथ्या प्रकारात. (आपल्यातले काही जण पहिल्या लेक्चरला असेच दिसतात, पण त्याला बीटा जबाबदार नाही.) बदकासारखं फेंगडं चालणाऱ्या डकी नावाच्या उंदरांमध्ये अल्फा-२-डेल्टाचा एक प्रकार बिघडलेला निघाला.

आणि हे नुसतं उंदरांपुरतं नाही. गाबापेंटिन हे औषध १९९३ साली अमेरिकेत फिट्ससाठी मंजूर झालं. मेंदूतल्या गाबा नावाच्या रसायनासारखं दिसावं म्हणून ते बनवलं होतं, पण गाबाच्या जागी ते कामच करत नाही असं निघालं. मग चिकटतं कुठे? १९९६ साली उत्तर मिळालं, अल्फा-२-डेल्टाला. नर्व्हला इजा झाली की संवेदना नेणाऱ्या पेशींमध्ये हा सहायक वाढतो, जास्त चॅनेल टोकाशी जमतात, जास्त रसायन सुटतं आणि दुखणं थांबत नाही. गाबापेंटिन आणि त्याचा भाऊ प्रीगाबालिन या सहायकाला धरतात, आणि पृष्ठभागावर पोहोचणारे चॅनेल हळूहळू कमी होतात. डायबेटिसमुळे पाय जळजळणाऱ्या किंवा नागीण होऊन गेल्यावर महिनोन् महिने ठणका सोसणाऱ्या आपल्या घरातल्या आजी-आजोबांना डॉक्टर जी गोळी देतात, ती बऱ्याचदा हीच. ती मुख्य चॅनेलचं भोक बुजवत नाही, सहायकाला धरते.

हृदयाकडेही एकदा परत येऊ. व्हायवाच्या आधी छातीत धडधडतं ते अ‍ॅड्रेनलिनमुळे, हे सगळ्यांना माहीत आहे. पण अ‍ॅड्रेनलिनचा निरोप हृदयाच्या कॅल्शियम चॅनेलला कळतो कसा, याचं उत्तर वर्षानुवर्षं मुख्य प्रोटीनमध्ये शोधलं जात होतं. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात ते दुसरीकडेच सापडलं. रॅड नावाचं एक लहानसं प्रोटीन बीटाला धरून चॅनेल दाबून ठेवतं. अ‍ॅड्रेनलिन आलं की रॅडची पकड सुटते आणि कॅल्शियम जोरात आत येतं. इथेही किल्ली सहायकाच्याच हातात!

रिंगर यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. चॅनेल हा शब्द नव्हता, प्रोटीनची रचना कळायची सोय नव्हती. त्यांच्याजवळ बेडूक, मीठ आणि नळी एवढंच होतं. पण एक गोष्ट त्यांनी केली नसती, तर पुढचं सगळं किती वर्षं लांबलं असतं कोण जाणे. त्यांनी रीडिंग जुळवलं नाही.

आता थोडं आपल्याबद्दल. प्रॅक्टिकलचा ग्राफ सरळ रेषेत आला नाही की आपण काय करतो, हे या मासिकात छापण्यासारखं नाही. उत्तर माहीत असतं, त्यावरून उलटं रीडिंग काढतो. मागच्या वर्षीचं जर्नल शेजारी उघडं असतंच. मीही केलंय, नाही म्हणत नाही. पण त्या रात्री दवाखान्यात बसून वाटलं, की चुकीचं आलेलं रीडिंग खोडलं की चूक जाते असं आपण समजतो, आणि त्याबरोबर चुकीचं कारणही कायमचं जातं. रिंगर यांच्या जागी आपला एखादा हुशार मित्र असता, तर त्याने दुसऱ्या दिवशीचं वीस मिनिटांचं रीडिंग एक्सपेरिमेंटल एरर म्हणून सोडून दिलं असतं. चिमूटभर कॅल्शियम निग्लिजिबल ठरलं असतं.

आणखी एक. आपल्या लॅबमध्ये सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन कॅन भरून ठेवणारे, ब्युरेट धुणारे, फुटलेल्या बीकरची नोंद करणारे मामा असतात. सबमिशनवर सही सरांची असते, मामांचं नाव कुठेच नसतं. फील्डरचं नावही बाटलीवर नाही. पण अल्फा-१ एकटा काही करू शकत नाही, हे आता आपल्याला माहीत आहे. मामांनी पाणी नळाचं भरलंय की डिस्टिल्ड, यावर कधी कधी सगळा शोध अवलंबून असतो.

पहाटे चारच्या सुमारास रूममेटची बाटली संपली. सिस्टरांनी सुई काढली, कापूस दाबला. त्याने डोळे उघडून पहिलं काय विचारलं असेल, तर मेस उघडली का! लेबलावरचा तो शेवटचा आकडा मी पुन्हा एकदा वाचला, ०.०२७. यावेळी हसू आलं नाही. तेवढ्या कॅल्शियमवर शेजारच्या खाटेवरचं हृदय व्यवस्थित चाललं होतं.